पेशंट मी आहे, फाईल माझ्याकडे द्या

मी हे लिहायला बसले तेव्हा माझी मुलगी दीपाली म्हणाली, "मम्मी, आधी मुद्दे काढ, मग लिही." कसले मुद्दे! मला सगळं एकदमच सांगायचंय. ज्या बाईच्या हातात आज रिपोर्ट पडलाय आणि जी घरातल्या माणसांची तोंडं बघत गप्प बसलीय, तिच्यासाठी हे आहे. तिनं शेवटापर्यंत वाचावं. शेवट चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी परळी डेपोत कंडक्टर आहे. चौदा वर्षं झाली. परळी, सिरसाळा, तेलगाव, वडवणी, बीड ही माझी लाईन. गाडी कितीही भरलेली असो, माझा आवाज मागच्या सीटपर्यंत जातो. पाय पसरून बसलेल्या पुढाऱ्याला मी "पाय आवरा" म्हणून सांगितलंय. आणि हीच मी डॉक्टरांच्या खोलीत शिरले की पदराशी चाळा करत खाली बघायची. का, ते मलाही सांगता येणार नाही.

गाठ

सिरसाळ्याच्या पुढं सगळी तिकिटं काढून झाली होती. सीटवर बसले आणि पिशवीचा पट्टा सरळ करायला हात घातला, तर छातीत डाव्या बाजूला बोटाखाली काहीतरी लागलं. सुपारीएवढं असेल. दुखत नव्हतं, म्हणून मला बरंच वाटलं. न दुखणारी गाठ जास्त लवकर दाखवावी लागते हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवडे मी रोज आंघोळीच्या वेळी चाचपून बघायची, आज तरी नसेल म्हणून. ती काही जाईना.

शेवटी ह्यांना सांगितलं. माझे मिस्टर थर्मल वीज केंद्रात फिटर आहेत. शांत माणूस, घाबरट म्हटलं तरी चालेल. त्यांनी लगेच मोठ्या दिरांना सांगितलं. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. आमच्या घरात लग्न असो की दवाखाना, बोलायचं काम तात्यांचं. ते मला संभाजीनगरला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं सुई घालून तुकडा काढला, आणि आठ दिवसांनी रिपोर्टला बोलावलं.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघंही आत गेलो. डॉक्टरांनी कागद बघितला, मग तात्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसवा."

मी उठले आणि बाहेर जाऊन बसले! आज मला ह्याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. दाराला काच होती. काचेतून मला ह्यांची पाठ दिसत होती. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून रुमाल काढला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणले?"

तात्या म्हणाले, "काय न्हाई. साधी गाठ हाय. काढून टाकतेत पुढल्या मंगळवारी."

परतीच्या गाडीत फाईल ह्यांच्या मांडीवर होती. गेवराईच्या अलीकडं त्यांचा डोळा लागला तशी मी ती हळूच उचलली. रिपोर्ट इंग्रजीत. मला अक्षरं येतात, पण एवढे लांब शब्द नाही येत. दीपाली अंबाजोगाईला बीएस्सीला आहे, तिला फोटो पाठवायला गेले तर तो फिरतच राहिला, जाईना. मग फोन लावला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. सी. ए. आर. सी. आय. एन. ओ. एम. ए.

"हॅलो? दीपा?"

"मम्मी, परत एकदा वाच."

मी परत वाचलं. ती रडायला लागली. तिनं शब्द सांगायच्या आधीच मला कळलं.

खिडकीबाहेर कापसाची शेतं पळत होती, ती मला दिसत होती आणि दिसतही नव्हती. मग राग आला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नसेल. मी ह्यांना हलवून उठवलं.

"डॉक्टरला माहीत हाय. तात्याला माहीत हाय. तुमाला माहीत हाय. कॅन्सर झालाय कुणाला?"

सगळी गाडी वळून बघायला लागली. पुढच्या सीटवरून तात्या म्हणाले, "हळू बोल, सुनंदा."

हे सावरून बसले. "तू घाबरशील म्हणून..."

"घाबरले तर घाबरले. ते बी माझं मला करू द्या. पेशंट मी हाय. आजपासून फाईल माझ्याकडं राहील."

ती फाईल मी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात वर ठेवून बसले. बीड येईपर्यंत मी रडले, पण हात काढले नाहीत.

सतरा प्रश्न

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न लिहायला बसले. हाताशी तिकीट मशीनचा अर्धवट रोल होता, त्याच्यावरच पेनानं लिहीत गेले. केस जाणार का? ड्युटी करता येईल का? सगळंच काढावं लागतं का? आधी औषधानं गाठ लहान होत नाही का? दीपालीलाही होऊ शकतं का, तिनं काय काळजी घ्यायची? लिहिता लिहिता पट्टी हातभर झाली. शेवटचा प्रश्न लिहिला, मी मरणार का? तेवढा तुकडा फाडून टाकला. मग जेवण झाल्यावर उचलून परत चिकटवला. विचारायचं तर सगळंच विचारायचं.

मंगळवारच्या आधी मी ह्यांना घेऊन परत त्याच डॉक्टरांकडं गेले. तात्याही आले, त्यांना कसं नाही म्हणणार? डॉक्टर परत म्हणाले, "पेशंट बाहेर बसेल का?"

"साहेब, मी बाहेर बसले तर तपासताल कुणाला?"

त्यांना हसू आलं नाही. मी पट्टी उलगडली. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी तुटक उत्तरं दिली. तिसरा विचारला, सगळंच काढावं लागतं का, आधी औषध देऊन बघता येत नाही का, तर ते खुर्चीत मागं रेलले.

"अहो, तुमच्या वयात ठेवून करायचंय काय?"

तात्या जमिनीकडं बघत होते. माझ्या कानातून जाळ निघत होता, पण आवाज मात्र गाडीत निघतो तसाच निघाला.

"साहेब, माझं वय शेहेचाळीस हाय. आन् ते माझं हाय. काढावं लागत असंल तर काढा, मी न्हाई म्हणत न्हाई. पण कावून काढायचं ते मला सांगून काढा."

"विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवा," ते म्हणाले.

"दाखवते. सगळे रिपोर्ट द्या."

रिपोर्ट मिळाले. अर्धा तास उभं राहावं लागलं, पण मिळाले. आपले रिपोर्ट आपले असतात, मागितले तर द्यावे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन तात्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. "एवढा मोठा डॉक्टर! त्याच्यासंगं वाद घालायलीस? उद्या त्यानं हात वर केले म्हंजी? दिवस चाललेत, गाठ वाढायलीय, आन् हिला प्रश्न सुचायलेत!"

तात्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. दिवस जात होते हे खरं होतं. ते चार दिवस माझ्या घशाखाली भाकरी उतरली नाही. आपल्या तोंडाळपणापायी आपण मरतोय की काय, असं सारखं वाटायचं. ह्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही, पण साथही दिली नाही. नुसते घरात फिरत राहायचे. पाचव्या दिवशी दीपालीनं कॉलेजातल्या मॅडमला विचारून एका मोठ्या सरकारी कॅन्सर रुग्णालयाची माहिती काढली, आणि आम्ही दोघीच पहाटेच्या गाडीनं निघालो.

डॉ. फरहत मॅडम

तिथं गर्दी म्हणजे यात्राच. नंबर यायला दुपारचे दोन वाजले. आत एक बारीकशा मॅडम, डोक्यावर ओढणी, समोर फायलींचा ढीग. त्यांनी माझी फाईल उलटली, मला तपासलं, मग खुर्ची माझ्याकडं वळवून विचारलं, "काही विचारायचंय का, ताई?"

"हाय. सतरा प्रश्न हायेत."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग पेन खाली ठेवला. "चला, पहिला सांगा."

मला उठून नाचावंसं वाटलं! खरंच सांगते, कॅन्सरचा पेशंट ओपीडीत बसून एवढा खूश कधी कुणी बघितला नसेल. एकेक प्रश्न, एकेक उत्तर. काहींना त्या म्हणाल्या, "हे मला आज माहीत नाही. एक तपासणी राहिलीय, ती आल्यावर सांगते." डॉक्टर "माहीत नाही" म्हणू शकतात हेच मला नवीन होतं. आधी केमो देऊन गाठ लहान करून बघू, झाली तर तेवढाच भाग काढू, नाही झाली तर सगळं काढावं लागेल. त्यांनी खात्री दिली नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं.

शेवटचा प्रश्न दीपालीसमोर कसा वाचावा म्हणून मी पट्टीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचला. माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "ह्या आजारातून बऱ्या होणाऱ्या बायका मी रोज बघते. तुमचा आजार अजून पसरलेला दिसत नाही. मी बरं करण्यासाठीच उपचार करतेय, दिवस ढकलण्यासाठी नाही. पुरे?"

"पुरे," मी म्हणाले. बाहेर येऊन दीपालीनं आणि मी वडापाव खाल्ला. चार दिवसांनी पहिल्यांदा चव लागली.

खुर्ची नंबर सहा

केमो म्हणजे काय, तर सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, मग सहा नंबरच्या खुर्चीत बसून सलाईन संपेपर्यंत छताचा पंखा बघायचा. तीन आठवड्यांनी परत. केस गेले. तोंडात फोड आले. वरणभात सोडून सगळ्याला लोखंडाची चव लागायची. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगातून जीव काढून घेतल्यासारखं व्हायचं, आणि मग हळूहळू भूक परत यायची. ती आली की मी घरभर सांगत सुटायची, "भूक लागली! मला भूक लागली!" आणि हे लगेच तवा ठेवायचे. त्यांची भाकरी कधीच गोल झाली नाही, पण त्या सहा महिन्यांत ते भाकरी करायला शिकले.

मला आता विचारायचा नादच लागला होता. आणि नाद लागला की माणूस घसरतो. तिसऱ्या केमोला सिस्टर एक नवीन इंजेक्शन घेऊन आल्या. मी हात मागं घेतला. "हे मागल्या दोन टायमाला न्हवतं. आधी मॅडमला विचारा. तोवर मी घेत न्हाई." चांगलाच आवाज चढवला. सगळा वॉर्ड बघायला लागला. सिस्टरनी शांतपणे केसपेपर माझ्यापुढं धरला.

"ताई, मागच्या वेळी उलट्यांची तक्रार कुणी केली होती?"

"मी."

"त्याच्यासाठीच मॅडमनी हे वाढवलंय."

मी हात पुढं केला. आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी सिस्टरची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "विचारलं ते बरोबरच. फक्त ओरडायच्या आधी विचारा." तेव्हापासून मी आधी विचारते. ओरडायची वेळ सहसा येत नाही.

शेजारच्या खुर्चीत कौसाबाई असायच्या, नारायणगडाच्या बाजूच्या. साठीच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. डॉक्टरांनी "काही त्रास?" विचारलं की "न्हाई जी, बरं हाय." एकदा चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. मग मला म्हणाल्या, बोटं बधिर झालीत, महिनाभर झाला, चोळीची बटणं लागत नाहीत.

"मावशे, सांगत कावून न्हाईस मग?"

"त्येंना कामं का कमी हायेत, बाई. आपलं कुठं रडगाणं लावावं."

मी त्यांच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. "बोटं बधिर झालीत, बटण लागत न्हाई." चारदा म्हणून घेतलं. मॅडम फेरीवर आल्या तेव्हा कौसाबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि शाळेतल्या पोरीसारखं एका दमात म्हणून टाकलं. मॅडम थांबल्या, बोटं तपासली, म्हणाल्या, "बरं झालं आत्ता सांगितलं, औषध बदलावं लागेल." कौसाबाईंनी डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं, जसं काही त्यांनी कुस्तीच मारली!

ताप

आता खरी गोष्ट. पाचव्या केमोनंतरचा दहावा दिवस होता. परळीत घरीच होते. जेवणानंतर अंगात कणकण आली, थर्मामीटर लावला तर एकशे एक. फरहत मॅडमनी सांगून ठेवलं होतं, केमो चालू असताना ताप आला तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा आणि आधी रक्त तपासायला सांगायचं. हे ड्युटीवरून आलेच होते. आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, बाहेर पेशंटची रांग. त्यांनी घसा बघितला, गोळ्या लिहिल्या. "साथ आहे सध्या. दोन दिवसांत उतरेल."

"साहेब, माझी केमो चालू हाय. आज दहावा दिवस हाय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजा."

"ताई, साधा ताप आहे. पुढचा पेशंट पाठवा."

"मोजा आन् मग साधा म्हणा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. पेशंट हाय."

मला चक्कर येत होती. टेबलाची कड धरून उभी होते. दारातली माणसं चुळबुळ करायला लागली. एक जण म्हणाला, "ओ बाई, आवरा की." तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. ह्यांचा. वीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना परक्या माणसासमोर आवाज चढवलेलं ऐकलं नव्हतं.

"सायेब, ती म्हणतीय ते करा. रक्त घेतल्याबिगर आमी इथून हलणार न्हाई."

आणि ते खरंच खाली बसले! डॉक्टरांच्या टेबलासमोर, फरशीवर, मांडी घालून. तापातही मला हसू आवरेना.

रक्त घेतलं. तासाभरानं तेच डॉक्टर हातात कागद घेऊन स्वतः आमच्याकडं पळत आले. पेशी जवळजवळ संपल्याच होत्या. त्यांनी माझ्याच फोनवरून फरहत मॅडमशी बोलून घेतलं, पहिलं इंजेक्शन तिथंच दिलं आणि मॅडमच्या रुग्णालयात न्यायला रुग्णवाहिका बोलावली. मला आत चढवताना म्हणाले, "ताई, बरं झालं तुम्ही माझं ऐकलं नाही." असं म्हणायला मोठं मन लागतं. त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट असलाच तर मान आहे.

आठ दिवस भरती होते. तात्या तिसऱ्या दिवशी आले, काचेच्या पलीकडं उभे राहिले, कारण आत कुणाला सोडत नव्हते. फोन लावून म्हणाले, "सुनंदा, मॅडम म्हणल्या अजून एक दिवस घरी राहिली असती तर अवघड होतं." "तू विचारीत जा. मी आता मधी बोलणार न्हाई."

मराठी फॉर्म

सगळ्या केमो संपल्या तेव्हा गाठ बोटाला लागेनाशी झाली होती. मॅडम म्हणाल्या, "आता तेवढाच भाग काढता येईल. पण मग पाच आठवडे रेडिएशनला रोज यावं लागेल. पूर्ण काढायचं असेल तर तोही मार्ग आहे. दोन्हीचा निकाल सारखाच चांगला. निर्णय तुमचा."

निर्णय तुमचा! मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "माझ्याकडं काय बघायलीस?" मी म्हणाले, तेवढाच भाग काढा.

सहीसाठी फॉर्म आला तो इंग्रजीत. मी म्हणाले, मराठीत द्या. सिस्टर म्हणाल्या, बघते. दहा मिनिटांनी कपाटातून धूळ झटकत एक गठ्ठा घेऊन आल्या. मराठी फॉर्म होता! छापलेला, नीट, पानावर पान. कुणी मागतच नव्हतं म्हणून पडून होता. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचला. एका ठिकाणी अडले, विचारलं, आणि मग सही केली.

ऑपरेशन झालं. नळी लावलेली होती, दंड ताठ झाला होता, हात डोक्यापर्यंत न्यायला दोन महिने लागले. अजूनही थंडीत काख ओढते. पिशवी मी उजव्या खांद्याला घेते आता. बाराव्या दिवशी काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. मॅडमनी तो आधी मला सांगितला. कॅन्सरच्या जिवंत पेशी सापडल्या नाहीत, कडाही स्वच्छ. मी खुर्चीतच दोन्ही हात वर केले, डावा खांद्यापर्यंतच गेला आणि मी कळ येऊन ओरडले. मॅडम हसत हसत म्हणाल्या, "हळू, बाई, टाके आहेत!" हे भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी त्यांना तसंच राहू दिलं. त्यांचं त्यांना करू दिलं.

गेल्या महिन्यातला बुधवार

रेडिएशन उरकून मी ड्युटीवर परत आले त्याला आता वर्ष होत आलंय. गेल्या महिन्यात तपासणीला गेले तर फरहत मॅडम म्हणाल्या, "बाहेर नवीन पेशंट बसलेत. तुमच्या भाषेत जरा बोला त्यांच्याशी."

बाहेर बाकांवर पंचवीस-तीस बाया होत्या. बऱ्याच जणींच्या फायली नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या काखेत. मी भाषण कधी केलेलं नाही, पण उभ्यानं बोलायची सवय चौदा वर्षांची आहे. मी बसची घंटा मारल्यासारखी टाळी वाजवली आणि जे इथं लिहिलंय ते थोडक्यात सांगितलं. घरून प्रश्न लिहून आणा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. ताप आला तर बसू नका. आणि आपली फाईल आपल्या हातात घ्या.

मग मागच्या बाकावरची एक पोरगीच म्हणावी अशी बाई, डोळे रडून सुजलेले, हळूच म्हणाली, "ताई, पण डॉक्टर चिडले तर?"

"चिडू दे," मी म्हणाले. "डॉक्टर चिडल्यानं कुणी मरत न्हाई."

आधी एक जण हसली, मग दुसरी, मग सगळा हॉल. त्या पोरीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं हात पुढं केला. त्यानं फाईल तिच्या हातात दिली.

त्या दिवशीची ओपीडी, जी तीन वाजता संपते, ती साडेपाचपर्यंत चालली. मी गाडीची वेळ होईपर्यंत तिथंच बाकावर चहा पीत होते, तर मॅडम खोलीबाहेर आल्या, थकलेल्या, डबा तसाच हातात.

"सुनंदाताई," त्या म्हणाल्या, "काय सांगून ठेवलंत हो त्यांना? एकीनं बावीस प्रश्न विचारले!"